भेटी : शून्य

मे महिन्यातल्या लग्नाच्या पंगतीत कॉलेजात जाणाऱ्या पोरांची चौकशी वाढप्याच्या वेगाने पुढे सरकते. एकाची आयटी कंपनीत इंटर्नशिप चालू असते, म्हणजे तो गारेगार खोलीत बसून दुसऱ्यांच्या मीटिंगा ऐकत असतो. त्याच्याबद्दल कुणाला शंका येत नाही. दुसरी बँकेत इंटर्न असते, म्हणजे जुन्या फायलींना नवे क्रमांक घालत असते. तिचं कौतुक होतं. तिसरी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असते आणि सह्याद्रीत कुठेतरी अंजनीच्या झाडासमोर बसून पंधरा मिनिटांत किती किडे आले ते मोजत असते. इथे मात्र जिलबी हातातच राहते. एखादे मामा सावरून घेतात, ‘पर्यावरणाचं आहे म्हणजे चांगलंच असणार.’ आत्याबाई थेट मुद्द्यावर येतात, ‘पैसे देतात का गं?’ खरा प्रश्न विचारतात ते पंगतीच्या टोकाला बसलेले, जन्मभर लोकांचे हिशेब तपासून निवृत्त झालेले काका. ‘ते सगळं ठीक आहे. पण एकही किडा आला नाही, तर काय लिहितेस?’ उत्तर असतं, ‘शून्य.’ काकांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहून पुढच्या पानावरचा वाढपी घाईघाईने मठ्ठा वाढतो.

हे काम सांगायला फार सोपं आहे आणि तिथेच त्याची पंचाईत होते. फुललेलं झाड निवडायचं, त्याच्या एका फांदीवरची फुलं मोजायची, घड्याळ लावायचं आणि दहा किंवा पंधरा मिनिटं जागचं हलायचं नाही. कोण आलं, किती फुलांवर बसलं, मकरंद प्यायलं की पराग गोळा केले, किती वेळ रेंगाळलं, हे डेटाशीटवर टिपायचं. वरच्या बाजूला तारीख, वेळ, तापमान, ढग, वारा. वेळ संपली की पुढचं झाड आणि पुन्हा पहिल्यापासून. काही कळ्यांवर बारीक जाळीच्या पिशव्या बांधायच्या, म्हणजे कीटक पोचलाच नाही तर फळ धरतं की नाही ते कळतं. पिवळ्या, निळ्या आणि पांढऱ्या वाट्यांत साबणाचं पाणी घालून त्या जमिनीवर मांडायच्या, म्हणजे रंगाला भुलून आलेले किडे त्यात सापडतात. वाटेने जाणाऱ्या माणसाला झाडावरच्या पिशव्यांत नवस दिसतो आणि खालच्या वाट्यांत करणी. त्याला थांबवून सगळी हकिगत समजावून सांगितली, तर ‘म्हणजे तुम्ही पुण्याहून इथे किडे मोजायला आलात?’ असं विचारून तो निघून जातो. करणीवर त्याचा अधिक विश्वास बसला असता.

या डेटाशीटवर ‘भेटी’ नावाचा रकाना असतो, आणि त्यात अनेक ओळींपुढे शून्य असतं. ऊन चढलेलं असतं, वारा सुटलेला असतो, फुलातला मकरंद सकाळीच संपलेला असतो, किंवा कारण काहीच नसतं आणि तरी कुणी आलेलं नसतं. आपल्याकडे आकडा जन्माला येतो तो फुगण्यासाठी. सभेला किती माणसं होती हे सभा घेणाऱ्याला विचारावं, किती रोपं लावली हे लावणाऱ्या खात्याला विचारावं, आणि लग्नाला किती पानं उठली हे केटररला विचारावं. तिघांच्याही गणितात शून्य फक्त उजवीकडे वाढत जातं. अशा वातावरणात वाढलेल्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला आपण उन्हात बसवतो आणि सांगतो की कुणी आलं नाही तर तसं लिही, आलं असतं असं वाटलं तरी लिहू नकोस. तेव्हा या उन्हाळी इंटर्नशिपमधून विद्यार्थ्याला मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मधमाश्यांची ओळख, निसर्गप्रेम किंवा सर्टिफिकेट यांपैकी काही नसून खरं शून्य लिहिण्याची सवय आहे, असं माझं म्हणणं आहे. ही सवय दुसऱ्या कुठल्या इंटर्नशिपमध्ये लागत नाही. बऱ्याच ठिकाणी तर असलेली मोडते.

यावर पहिला आक्षेप काकांचाच. काही घडलंच नाही, तर त्याची नोंद कशाला? कारण शून्य दोन प्रकारचं असतं. कुणी आलं नाही हे एक, आणि कुणी पाहिलं नाही हे दुसरं. कागदावर दोन्ही सारखीच गोल दिसतात, पण पहिल्याला पुरावा म्हणतात आणि दुसऱ्याला अज्ञान. जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावात हौशी कीटक-अभ्यासकांची एक जुनी संस्था आहे. या मंडळींनी १९८९ ते २०१६ या काळात ६३ संरक्षित ठिकाणी तंबूसारखे सापळे लावले, सापडलेले उडते कीटक बाटल्यांत भरले आणि तोलले. बाटली हलकी भरली म्हणून कुणी ती फेकून दिली नाही की पाव किलो जास्त लिहिलं नाही. २०१७ साली त्याचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा २७ वर्षांत उडत्या कीटकांचं वजन तीन-चतुर्थांशाहून अधिक घटल्याचं दिसलं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत खळबळ उडाली. त्यावर आक्षेपही आले. बहुतेक ठिकाणी एकाच वर्षी मोजणी झाली होती, मग दोन वेगळ्या जागांची तुलना कितपत खरी, असं विचारलं गेलं. आक्षेप रास्त आहे. पण त्याचा अर्थ एवढाच निघतो की तिथे पुन्हा पुन्हा जाऊन बसायला हवं होतं. कीटक कमी झाले असं म्हणणाऱ्याला आणि झाले नाहीत असं म्हणणाऱ्याला, दोघांनाही शेवटी उन्हात बसणारं कुणीतरी लागतंच.

दुसरा आक्षेप शहाण्या माणसांचा. मधमाशी फुलावर बसते आणि परागीभवन होतं हे पाचवीच्या पुस्तकात आहे, ते पुन्हा डोंगरात जाऊन कशाला पाहायचं? याला सर्वांत चोख उत्तर तेलताडाने दिलं आहे. हे झाड मूळचं आफ्रिकेचं. मलेशियात त्याचे मोठमोठे मळे झाले, पण फळ नीट धरेना. झाडाचं परागीभवन वाऱ्याने होतं अशी सर्वांची खात्री असल्यामुळे वाऱ्याला दोष देऊन मळेवाल्यांनी मजूर लावले आणि हाताने पराग टाकायला सुरुवात केली. १९७०च्या दशकाच्या शेवटी रहमान सय्यद नावाच्या पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञाने आफ्रिकेत, कॅमेरूनमध्ये जाऊन तेलताडाच्या फुलोऱ्यावर खरोखर कोण येतं ते पाहिलं. येत होते बारकेसे सोंडकिडे, आणि तेही भरपूर. वाऱ्याच्या नावावर इतकी वर्षं दुसऱ्याचंच काम जमा होत होतं. मलेशियात झाड नेलं, किडा आफ्रिकेतच राहिला. १९८१ साली ते सोंडकिडे मलेशियात सोडले, फळं धरू लागली आणि हाताने पराग टाकणाऱ्या मजुरांची गरज संपली. एवढा मोठा धंदा अनेक वर्षं एका चुकीच्या खात्रीवर चालला होता. ती खात्री मोडायला नवं यंत्र लागलं नाही. फुलोऱ्यापाशी जाऊन, काय दिसायला हवं हे विसरून, काय दिसतंय ते लिहिणारा माणूस लागला.

शिवाय जो फुलावर आला तो परागीभवन करतोच असंही नाही. एरवी घाईने फुलात तोंड घालणारे मोठे भुंगे लांब नळीच्या फुलांशी वेगळाच व्यवहार करतात: फुलाच्या बुडाशी चीर पाडतात, आतला मकरंद पितात आणि परागांना न शिवता निघून जातात. शास्त्रात याला मकरंदचोरी असंच म्हणतात. हजेरीपटावर सही आहे, काम शून्य. हा प्रकार आपल्याला नवा नाही, फक्त फुलांच्या बाबतीत तो तपासायला माणूस बसवला जातो एवढाच फरक. उलट ज्यांच्याकडे आपण नाक मुरडून पाहतो त्यांचं काम मोठं निघतं. आंब्याच्या मोहोरावर मधमाश्यांबरोबर साध्या माश्याही भरपूर येतात, आणि त्यांच्या अंगाला पराग चिकटतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे काही आंबेवाले झाडांखाली कुजकं मांस ठेवून मुद्दाम माश्या बोलावतात. हापूसच्या पेटीवर मात्र कुणी माशीचं चित्र छापणार नाही. म्हणून विद्यार्थ्याला ‘कोण आलं’ याच्यापुढे ‘काय केलं’ हाही रकाना भरावा लागतो, आणि पहिल्या रकान्यात वीस लिहून दुसऱ्यात शून्य लिहिण्याचं धाडस अंगी बाणवावं लागतं.

शून्य खरं असेल तर ते पुढचा पत्ताही सांगतं. भीमाशंकरच्या जंगलात वारस नावाचं झाड आहे. त्याची फुलं रात्रीच्या पाहुण्यांसाठी असतात. त्याच्यासमोर कुणी नेमाने फक्त दिवसा बसलं, तर रकाना रिकामा राहील आणि या झाडाला परागवाहकच नाही असं वाटेल. हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस यांनी तिथे रात्री निरीक्षणं केली. परागीभवन करत होते लाकूड पोखरून घर करणारे मोठे भुंगे, मधमाश्यांच्याच कुळातले, आणि तेही अंधारात. २००१ साली हे प्रसिद्ध झालं. पुढे २००८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिथल्याच आणखी एका भुंग्याबद्दल दाखवून दिलं की तो बिनचंद्राच्या रात्री, नुसत्या चांदण्यांच्या उजेडात खुणेचा रंग ओळखतो. त्या उजेडात माणसाला स्वतःची पेन्सिल सापडत नाही. गंमत अशी की दिवसाचं शून्य कुणी सभ्यपणे ‘दोन-तीन आले असावेत’ असं भरून टाकलं असतं, तर रात्री जाण्याची गरज कुणाला भासली नसती. खोट्या दोन-तीनाने खरा भुंगा कायमचा लपवला असता.

तिसरा आक्षेप ताजा आहे. आता कॅमेरे आहेत, कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. पोरांना उन्हात कशाला तापवायचं? कॅमेरे खरंच उपयोगी आहेत, अनेक प्रकल्पांत लावलेही जातात आणि रात्रपाळीला त्यांची कुरकुर नसते. पण हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्याला सर्वांत जास्त हालचाल दिसते ती वाऱ्याने डुलणाऱ्या पानांची. मग कुणीतरी ते तासन्‌तास डुलणं खोलीत बसून पाहावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे पुन्हा तोच इंटर्न, आता झाडाऐवजी स्क्रीनसमोर. यंत्राला किडे ओळखायला शिकवायचं तर आधी हजारो चित्रांना कुणीतरी नावं द्यावी लागतात. तेही काम त्याच टेबलावर येतं. शिवाय कॅमेरा जिकडे तोंड करून बसवला तिकडेच पाहतो. शेजारच्या फांदीवर घडलेलं त्याच्या लेखी घडलेलं नाही, आणि तिकडे मान वळवावी असं त्याला वाटतही नाही. थोडक्यात, कॅमेरा चौकटीतलं शून्य प्रामाणिकपणे देतो. ते जंगलाचं शून्य आहे की चौकट चुकल्याचं, हे ठरवायला माणूस लागतो. आणि तो माणूस कधीतरी झाडासमोर बसलेला असावा लागतो.

चौथा आक्षेप प्राध्यापकांच्या खोलीतून येतो: शिकाऊ पोरांच्या नोंदींवर भरवसा काय? शंका योग्य आहे. फुलांवर येणाऱ्या काही माश्या हुबेहूब मधमाशीसारख्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या असतात. त्या पक्ष्यांना फसवण्यासाठी तशा झाल्या, पण पहिल्या आठवड्यात त्या इंटर्नलाही फसवतात. सातेरी आणि फुलोरी या मधमाश्यांतला फरक सांगताना आवाज दोनदा खाली येतो. डेटाशीटवर ‘काळी मोठी’, ‘काळी लहान’ आणि ‘काळी, उडाली’ अशा जाती निर्माण होतात. पण यावरचा उपाय जुना आहे. एकाच फांदीवर दोघांना बसवायचं, नोंदी ताडून पाहायच्या, ज्याची खात्री नाही त्यापुढे ‘अनोळखी’ लिहायचं. चार्ल्स डार्विनने तर याहून कोवळे मदतनीस घेतले होते. इंग्लंडमधल्या डाउन इथल्या आपल्या घराभोवती नर भुंगमाश्या ठरलेल्या वाटेने उडतात आणि ठरलेल्या जागी घुटमळतात, हे त्याला पडताळून पाहायचं होतं. त्याने आपली पाच-सहा मुलं एकेका जागी उभी केली. माशी आली की ओरडायचं, मग पुढच्याने ओरडायचं, अशी हाक शेवटी बापापर्यंत पोचायची. ना स्टायपेंड, ना सर्टिफिकेट, आणि मार्गदर्शक जेवणाच्या टेबलावरही समोरच. तरी ती निरीक्षणं टिकली, कारण मुलांना एकच गोष्ट सांगितली होती: आली तर ओरडा. न आलेल्या माशीसाठी ओरडायचं नाही, हे त्या वयातल्या मुलांना सहज जमतं. मोठेपणी ते पुन्हा शिकवावं लागतं, आणि इंटर्नशिपचा उद्देश बहुधा तोच असतो.

पाचवा आक्षेप डोंगरातून येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. आग्या कुठल्या कड्याला लागतो, सातेरी कुठल्या ढोलीत असते, जांभूळ कधी फुलतं आणि हिरडा कधी, हे तिथल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असताना शहरातल्या पोरीने वही घेऊन तिथे काय शोधावं? महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथल्या घरांतून मधमाश्यांबद्दलचं जे ज्ञान आहे त्यापुढे विद्यापीठाचा अभ्यासक्रम बारीक दिसेल. म्हणून इंटर्नने पहिले काही दिवस नुसतं ऐकावं, हे उत्तम. पण मध काढणाऱ्याचं ज्ञान हे होकाराचं ज्ञान असतं: माश्या कुठे आहेत, मध कुठे मिळतो. जिथे माश्या नाहीत तिथे पंधरा मिनिटं बसून राहण्याचं त्याला काही कारण नाही. त्याचा दिवस भरायचा असतो. नकाराची नोंद ठेवणं ही चैन आहे, आणि ती चैन समाजाच्या वतीने कुणीतरी करायची म्हणून विद्यार्थी तिथे पाठवलेला असतो. दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या, तरच जंगलाचा ताळेबंद जुळतो.

उरला आत्याबाईंचा प्रश्न, आणि त्याला मात्र युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. २०१६ साली आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंचाने परागवाहकांवर मोठा अहवाल काढला. जगातलं दरवर्षी २३५ ते ५७७ अब्ज डॉलर किमतीचं पीक-उत्पादन थेट परागवाहकांवर अवलंबून आहे, असा त्यातला अंदाज. या अब्जांचा पाया असलेल्या नोंदी जी मुलं करतात त्यांना बऱ्याच ठिकाणी एसटीचं भाडं आणि राहायची सोय मिळाली तरी पुष्कळ समजलं जातं. नव्या शैक्षणिक धोरणाने ओजेटी म्हणजे कामावरचं प्रशिक्षण आणि फील्ड प्रोजेक्ट अभ्यासक्रमात आणले, क्रेडिट दिलं. पण क्रेडिट घेऊन मेसवाला डबा देत नाही. याचा परिणाम असा की ज्यांच्या घरी दोन महिने बिनपगारी काढण्याची सोय आहे तीच मुलं उन्हात बसू शकतात, आणि ज्यांना झाडाझुडपांची उपजत ओळख आहे अशी डोंगरातली मुलं सुट्टीत पैसे मिळवायला शहराकडे जातात. शून्याची किंमत आहे असं म्हणणाऱ्यांनी स्टायपेंडच्या रकान्यातलं शून्य तेवढं खोडून टाकावं. तिथे त्यात कसलंही शास्त्र नाही.

अशी इंटर्नशिप केलेली मुलं पुढे कीटकशास्त्रज्ञच होतील, असं नाही. बहुतेक होणार नाहीत. कुणी विमा कंपनीत जाईल, कुणी जिल्हा परिषदेत, कुणी स्पर्धा परीक्षा देऊन खुर्चीवर बसेल. तिथे त्यांच्यासमोर दुसरे तक्ते येतील: गेल्या पावसाळ्यात लावलेल्यांपैकी जगलेली रोपं किती, योजनेचा लाभ खरोखर पोचलेली माणसं किती, चालू असलेले हातपंप किती. वरून फोन येईल, ‘काहीतरी आकडा टाका हो.’ काहीतरी आकडा टाकणं किती सोपं असतं, हे अंजनीच्या झाडासमोर पंधरा मिनिटं बसलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. तो मोह त्याने पेन्सिलीच्या टोकाशी पाहिलेला असतो आणि परतवलेला असतो. असा माणूस जागेवर जाईल, पाहील, आणि जे आहे ते लिहील. त्याची बढती लांबेल, बदली मात्र लवकर होईल. बदलीच्या गावीही रकाना तोच असेल, आणि तो खरा भरणारं निदान एक माणूस सरकारी खर्चाने तिथे पोचलेलं असेल.